जनरलसाहेब तयारीत आहेत

लढाई सोडून लष्करातलं बाकी सगळं ज्याला उत्तम जमतं, असा सेनापती प्रत्येक देशाच्या नशिबी कधी ना कधी येतो. तो भित्रा नसतो, आळशी नसतो आणि मूर्ख तर मुळीच नसतो. पहिल्या-दुसऱ्या नंबरानं पास झालेला असतो. घोड्यावर शोभतो. त्याच्या छावणीत तंबू एका रांगेत असतात, संडासाचे चर योग्य अंतरावर खणलेले असतात, रसदीच्या वह्या रोजच्या रोज लिहिल्या जातात आणि कवायतीत शिपायांचे पाय असे एकदम पडतात की बघणाऱ्याची छाती फुगावी. एवढं सगळं झाल्यावर कोणीतरी अदबीनं विचारतं, "मग साहेब, निघायचं ना?" तेव्हा साहेबांच्या कपाळाला पहिली आठी पडते. एवढ्यात कसं? अजून तयारी व्हायची आहे!

या जातीचा सगळ्यात अस्सल नमुना अमेरिकेच्या यादवी युद्धात सापडतो. त्याचं नाव जॉर्ज ब्रिंटन मॅक्लेलन. युद्ध १८६१ ते १८६५ चं. एका बाजूला उत्तरेकडची राज्यं, दुसऱ्या बाजूला गुलामगिरी टिकावी म्हणून फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं. उत्तरेची राजधानी वॉशिंग्टन, दक्षिणेची रिचमंड, आणि दोन्हींमध्ये अंतर सुमारे १०० मैल, म्हणजे मुंबई-पुण्याहून थोडंसंच जास्त. तेवढं जायला उत्तरेला चार वर्षं लागली. त्यातलं सव्वा वर्ष मॅक्लेलनसाहेबांच्या तयारीत गेलं.

मुलगा फिलाडेल्फियाच्या नामांकित डॉक्टरांचा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात सोळा वर्षांखालच्यांना घेत नसत. याला पंधराव्या वर्षी नियम वाकवून घेतलं. १८४६ साली ५९ जणांत दुसरा आला. (शेवटून पहिला आला तो जॉर्ज पिकेट. पुढं गेटिसबर्गच्या टेकडीवर दक्षिणेचे हजारो जवान ज्या चढाईत कापले गेले, तिला त्याचं नाव लागलं. नंबरांचं हे असं असतं.) पास झाल्यावर मेक्सिकोच्या युद्धात त्यानं चांगलं काम केलं. जवळून गोळ्या गेल्या तरी डगमगला नाही, हे त्याच्या पदरात घातलंच पाहिजे. भीती त्याला स्वतःच्या जिवाची कधीच नव्हती.

तरीही पाळण्यातले पाय दिसतातच. १८५३ मध्ये त्याला कॅस्केड पर्वतात रेल्वेसाठी खिंड शोधायला पाठवलं. खिंडी होत्या. पण तिथल्या लोकांनी सांगितलं, वर बर्फ फार. साहेबांनी तो बर्फ स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यापेक्षा ऐकूनच मान्य केला आणि मार्ग नाही असा निर्वाळा दिला. त्याच हिवाळ्यात दुसरा एक इंजिनिअर बर्फावर चालायचे बूट घालून तिथूनच पलीकडे उतरला. दोन वर्षांनी सरकारनं मॅक्लेलनला क्रिमियाचं युद्ध अभ्यासायला युरोपला धाडलं. तो सेव्हास्तोपोलला पोचला तेव्हा वेढा संपून महिना होऊन गेला होता. त्यानं मोडलेले बुरूज मापले, खंदकांचे नकाशे काढले आणि विद्वत्तापूर्ण अहवाल लिहिला. शिवाय घोड्याचं एक खोगीर तयार केलं. ते इतकं सोयीचं होतं की अमेरिकेत घोडदळ होतं तोवर मॅक्लेलनचंच खोगीर वापरात राहिलं. घोड्यावर नीट बसायची सोय त्यानं सगळ्या सैन्याला करून दिली. त्या घोड्याला टाच मारायचं काम तेवढं पुढच्यांवर सोडलं.

जुलै १८६१ मध्ये बुल रनला उत्तरेच्या सैन्याची अशी दाणादाण उडाली की पराभूत शिपाई आणि लढाईची मजा बघायला डबे घेऊन आलेले वॉशिंग्टनचे प्रतिष्ठित लोक एकाच रस्त्यानं, एकाच वेगानं परतले. राजधानी हबकली. पश्चिम व्हर्जिनियात दोन छोट्या चकमकी जिंकलेल्या ३४ वर्षांच्या मॅक्लेलनला तातडीनं बोलावणं गेलं. वर्तमानपत्रं त्याला 'छोटा नेपोलियन' म्हणू लागली. त्यानं कोटात हात खुपसून फोटो काढून घेतले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोला पत्र लिहिलं: राष्ट्राध्यक्ष, मंत्री, जनरल सगळे माझ्यापुढं झुकताहेत, कुठल्याशा जादूनं देशाची सूत्रं माझ्या हातात आलेली दिसतात. बायकोला लिहिलेली पत्रं पुढं छापली जातील, ही शक्यता मात्र त्यानं विचारात घेतली नव्हती. शत्रूच्या बाबतीत सगळ्या शक्यता विचारात घेणाऱ्या माणसाची ही चूक जरा नवलाची.

पण काम त्यानं केलं, आणि झकास केलं. पळून आलेल्या, दारू पिऊन रस्त्यावर लोळणाऱ्या झुंडीतून त्यानं काही महिन्यांत पोटोमॅकची सेना उभी केली. लाखावर माणसं, तोफखाना, पूल बांधणाऱ्या तुकड्या, वेळेवर भाकरी, वेळेवर पगार. तो घोड्यावरून जाताना टोपी हवेत फिरवायचा आणि पलटणीच्या पलटणी जयघोष करायच्या. शिपायांचा त्याच्यावर जीव होता. ज्या सेनापतीला आपण मरावं असं वाटत नाही, त्याच्यावर शिपायाचा जीव जडणारच.

नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष लिंकननं त्याला सर्व सैन्यांचा सरसेनापतीही केलं. एवढा भार झेपेल का, असं काळजीनं विचारलं तर उत्तर आलं की हे सगळं मी करू शकतो. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, लिंकन, परराष्ट्रमंत्री सुअर्ड आणि लिंकनचा चिटणीस जॉन हे असे तिघं साहेबांच्या घरी गेले. साहेब एका अधिकाऱ्याच्या लग्नाला गेले होते. तिघं दिवाणखान्यात बसून राहिले. तासाभरानं साहेब आले. पाहुणे बसलेत हे नोकरानं सांगितलं, तरी ते सरळ जिना चढून वर गेले. आणखी अर्धा तास गेला. पुन्हा वर्दी पाठवली तर निरोप आला, साहेब झोपले. देशाचा राष्ट्राध्यक्ष आपली उंच टोपी उचलून मुकाट घरी चालत गेला. चिटणिसाच्या अंगाचा तिळपापड झाला; लिंकनचं म्हणणं असं की ही वेळ मानापमान बघायची नाही. दुसऱ्या एका प्रसंगी तो म्हणाला म्हणतात, की हा मला विजय मिळवून देणार असेल तर मी याच्या घोड्याचा लगाम धरून उभा राहीन. घोडा तयार होता. लगाम धरायला राष्ट्राध्यक्ष तयार होता. साहेबांची तयारी व्हायची होती.

आता अडचण काय होती ते सांगतो. अडचण होती शत्रूच्या संख्येची.

साहेबांचा गुप्तहेर होता अ‍ॅलन पिंकर्टन. शिकागोचा खासगी डिटेक्टिव्ह. रेल्वेतले चोर पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण चोर एकेकटा असतो आणि सैन्य मोजावं लागतं. पळून आलेले शिपाई, व्यापारी, गुलामगिरीतून निसटलेले लोक, जो जे सांगेल ते पिंकर्टन लिहून घेई, बेरीज करी आणि सुटलेलं असेल म्हणून वर थोडी भर घाली. इतिहासकार सगळं खापर पिंकर्टनच्या डोक्यावर फोडतात, पण ते न्यायाचं नाही. पिंकर्टनचा हिशेब येण्याआधीच, ऑगस्ट १८६१ मध्ये, साहेबांनी समोर एक लाख शत्रू पाहिला होता. प्रत्यक्षात त्याच्या निम्माही नव्हता. पिंकर्टन फार तर साहेबांच्या मनातल्या आकड्याला पावत्या जोडत होता. हुशार हाताखालच्या माणसाला वरिष्ठांना कुठला आकडा आवडेल हे न सांगता कळतं.

समोर होता दक्षिणेचा जोसेफ जॉन्स्टन. तोही याच जातीचा, आणि मॅक्लेलनचा युद्धाआधीचा दोस्त. दक्षिणेनं पाच पूर्ण जनरल नेमले, त्यांत याचा क्रम चौथा लागला, म्हणून यानं भर युद्धात आपल्या राष्ट्राध्यक्षाला लांबलचक रागाचं पत्र लिहिलं होतं. मेरी चेस्नट या दक्षिणेतल्या बाईंच्या रोजनिशीत त्याच्या शिकारीची एक गोष्ट आहे. जॉन्स्टन नेमबाज म्हणून नावाजलेला. पण शिकारीला गेला की पक्षी कधी फार उंच उडे, कधी फार खालून. कुत्री कधी फार पुढं असत, कधी फार मागं. बाकीच्यांनी धडाधड बार काढावेत, काही लागावेत काही चुकावेत. जॉन्स्टननं बंदूकच उडवली नाही. त्यामुळं त्याचा एकही नेम चुकला नाही.

असे दोन सेनापती पंचवीस-तीस मैलांवर समोरासमोर बसले आणि अख्खा हिवाळा शांततेत गेला. वैतागून लिंकन म्हणाला, मॅक्लेलनला सैन्य वापरायचं नसेल तर मला थोडे दिवस उसनं हवंय. शेवटी मार्च १८६२ मध्ये जॉन्स्टनच आपण होऊन मागं सरकला. उत्तरेचं सैन्य वाजतगाजत त्यानं सोडलेल्या सेंटरव्हिलच्या मोर्च्यांवर पोचलं. ज्या तोफांच्या धाकानं महिनोन्‌महिने पाऊल उचललं नव्हतं, त्यांतल्या कितीतरी तोफा नव्हत्याच. ते होते झाडांचे ओंडके, काळा रंग दिलेले. वार्ताहरांनी त्यावर बसून बातम्या लिहिल्या. त्याच आठवड्यात लिंकननं साहेबांचं सरसेनापतीपद काढून घेतलं आणि एका सेनेपुरतं ठेवलं.

इथं मुंबईकरांनी जरा थांबून साहेबांना नमस्कार करायला हरकत नाही. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखल्यामुळं मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, शेअरबाजाराला वेड लागलं. १८६५ मध्ये दक्षिणेचा पाडाव झाल्याची बातमी आली आणि हा डोलारा कोसळला. म्हणजे युद्ध जितकं लांबेल तितकी आमची चांदी. मॅक्लेलननं १८६२ च्या उन्हाळ्यातच रिचमंड घेतलं असतं तर प्रेमचंद रायचंदांच्या हाती कितपत पैसा राहिला असता, कोण जाणे. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरच्या पायाशी, अगदी खालच्या बाजूला, साहेबांच्या नावाची एक छोटी पाटी शोभली असती.

तर साहेबांनी नवा बेत काढला. सरळ रस्त्यानं न जाता समुद्रमार्गे व्हर्जिनियाच्या द्वीपकल्पावर उतरायचं आणि पूर्वेकडून रिचमंड गाठायचं. बेत वाईट नव्हता. १,२१,५०० माणसं, १४,५९२ जनावरं, ४४ तोफखाने, शिवाय गाड्या, तंबू, तारेच्या खांबांचं सामान, सगळं जवळजवळ ४०० गलबतांतून तीन आठवड्यांत नेलं. जगानं तोंडात बोट घातलं. आवराआवर, बांधाबांध, चढव-उतार यांत साहेबांचा हात धरील असा सेनापती त्या युद्धात झाला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला फौज उतरली आणि पहिल्याच वळणावर, यॉर्कटाउनला, घोडं पेंड खाऊ लागलं.

यॉर्कटाउनला दक्षिणेचा जॉन मॅग्रूडर होता. त्याच्याकडं तेरा-एक हजार माणसं, समोर पन्नास हजारांहून अधिक आणि रोज वाढणारी. लढाईचा प्रश्नच नव्हता. पण मॅग्रूडरला नाटकांचा भयंकर नाद. छावण्यांतून हौशी नाटकं बसवण्यात त्याची उमेदवारी गेलेली. मग त्यानं त्या नादालाच कामाला लावलं. एक तुकडी झाडीतून निघायची, शत्रूला दिसेल अशा मोकळ्या जागेतून रुबाबात जायची, पलीकडच्या झाडीत शिरायची, मागच्या वाटेनं फिरून पुन्हा पहिल्या झाडीतून निघायची. दिवसभर हेच. मधूनमधून कर्णे वाजायचे, नगारे वाजायचे, अधिकारी अस्तित्वातच नसलेल्या पलटणींना मोठ्यानं हुकूम सोडायचे. पाय दुखले म्हणून शिपाई कुरकुरत होते, पण प्रेक्षागृह एकाच माणसाचं असलं तरी तो माणूस तल्लीन झाला होता. साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि फर्मावलं: वेढा!

वेढा हा तर त्यांच्या अभ्यासाचा विषय. सेव्हास्तोपोलला उशिरा पोचल्याची भरपाई आता करायची होती. महिनाभर रस्ते बांधले, चर खणले, १३ इंची उखळी तोफा गलबतांतून आणून चिखलातून ओढून बसवल्या. तिथं आलेल्या जॉन्स्टननं मॅग्रूडरची फळी पाहिली आणि दक्षिणेच्या रॉबर्ट लीला लिहून कळवलं, इथं हल्ला करायला मॅक्लेलनखेरीज दुसरा कोणीही कचरला नसता. दोस्ताला दोस्त ओळखतो. सरबत्ती सुरू व्हायला एक-दोन दिवस उरले असताना, ३ मेच्या रात्री, जॉन्स्टननं जोरात तोफा डागल्या आणि त्या आवाजाआड सगळी फौज काढून नेली. सकाळी साहेबांनी विजय झाल्याची तार केली.

दक्षिणेकडं तरी सगळे सिंहच होते असं नाही. ब्रॅक्स्टन ब्रॅग नावाचे एक गृहस्थ होते. त्यांची जुनी गोष्ट उत्तरेचा सेनापती ग्रँट यानं आपल्या आठवणींत दिली आहे. एका ठाण्यावर ब्रॅग तुकडीचे प्रमुखही होते आणि कोठीचा कारभारही त्यांच्याकडंच. तुकडीप्रमुख ब्रॅगनी कोठीकडं काही सामान मागितलं. कोठीप्रमुख ब्रॅगनी ते नियमात बसत नाही म्हणून नाकारलं. प्रमुखांनी पुन्हा खरमरीत लिहिलं, कोठीनं पुन्हा खरमरीत उत्तर दिलं, आणि शेवटी सगळा पत्रव्यवहार निवाड्यासाठी वरिष्ठांकडं गेला. वरिष्ठांनी कपाळावर हात मारला: अहो ब्रॅग, सैन्यातल्या सगळ्यांशी भांडून झालं, आता स्वतःशीच भांडताय! इकडं उत्तरेच्या हॅलेकला सैन्यात 'म्हातारं डोकं' म्हणत. पुस्तकं लिहिलेला माणूस. त्यानं लाखावर फौज घेऊन कॉरिंथपर्यंतचे २० मैल जायला महिना लावला, रोज संध्याकाळी खंदक खणत. तिथून दक्षिणेचा बोरेगार्ड निसटला तो रिकाम्या आगगाड्यांचं जयघोषानं स्वागत करत, जणू कुमक येते आहे. हॅलेकला मात्र बढती मिळाली.

पण आपण रिचमंडला येऊ. मेअखेर साहेब शहराच्या इतक्या जवळ पोचले की चर्चच्या घंटा ऐकू येत. ३१ मेला जॉन्स्टन जखमी झाला आणि १ जूनला त्याच्या जागी रॉबर्ट ली आला. लीबद्दल साहेबांचं मत आधीच पक्कं होतं. एप्रिलातच त्यांनी लिंकनला लिहिलं होतं, की जॉन्स्टनपेक्षा ली आला तर मला बरंच. ली जबाबदारीखाली फार सावध आणि दुबळा पडतो, प्रत्यक्ष कृतीत तो बुजरा आणि डळमळीत ठरेल. माणूस समोरच्याचं वर्णन करताना आरशात बघत असतो याचा इतका लेखी पुरावा इतिहासात क्वचित मिळतो.

खरं तर लीला त्या वेळी त्याचीच माणसं 'ली आजीबाई' म्हणत. आल्या आल्या त्यानं खंदक खणायला लावले म्हणून 'कुदळीचा राजा' म्हणू लागले. साहेब पावसाच्या, चिखलाच्या आणि आणखी कुमक न पाठवणाऱ्या सरकारच्या तक्रारी लिहीत होते, तोवर लीनं तीन आठवडे तयारीच केली. तयारी तोही करीत होता. फक्त त्याच्या तयारीला शेवटचा दिवस होता. २६ जूनला त्यानं, रिचमंडपुढं मोजकी माणसं ठेवून, बाकी सगळी फौज साहेबांच्या उजव्या बगलेवर घातली. रिचमंडपुढच्या त्या मोजक्यांचा म्होरक्या पुन्हा मॅग्रूडर, आणि तिथं पुन्हा तोच नाट्यप्रयोग. पुन्हा हाऊसफुल्ल.

त्या सात दिवसांत साहेबांची फौज एक लढाई हरली, बाकीच्यांत टिकून राहिली किंवा जिंकली, आणि प्रत्येक लढाईनंतर मागं गेली. मॅल्व्हर्न हिलला तर लीच्या पाच हजारांहून जास्त माणसांचा चुराडा झाला. तरी रात्री हुकूम मागं फिरण्याचाच. या माघारीला साहेबांनी 'तळ बदलणे' असं नाव दिलं. त्यांच्या हिशेबी समोर दोन लाख होते. लीकडं नव्वद हजारांच्या आसपास होते. ३० जूनला ग्लेनडेलला घमासान चालू असताना साहेब नदीतल्या 'गॅलेना' नौकेवर होते. त्याआधीच युद्धमंत्र्यांना मध्यरात्री तार गेली होती: ही सेना वाचली तर त्याचे आभार मी तुमचे किंवा वॉशिंग्टनमधल्या कोणाचेच मानणार नाही, तिचा बळी द्यायचा तुम्ही पुरता प्रयत्न केलात. तार कचेरीतल्या अधिकाऱ्यानं ती वाचली, घाम पुसला आणि शेवटची वाक्यं कापून उरलेली पुढं दिली. काही दिवसांनी लिंकन स्वतः भेटायला आला, तर साहेबांनी त्याच्या हातात एक पत्र ठेवलं. युद्ध कसं चालवावं, गुलामगिरीला हात कसा लावू नये, याचा उपदेश. लिंकननं वाचलं, खिशात घातलं आणि त्यावर चकार शब्द बोलला नाही.

या पत्रापाशी हसू थोडं आवरावं लागतं. साहेबांना हे युद्ध कोणाला फार न दुखावता, जुनं घर जसंच्या तसं ठेवून मिटवायचं होतं. त्या घरात सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम होती. त्यांच्यासाठी साहेबांच्या दिरंगाईचा प्रत्येक महिना म्हणजे वेठीचा आणखी एक महिना होता. आणि ज्या लीच्या चपळाईला आपण दाद देतो, ती चपळाई याच गुलामगिरीच्या राज्यासाठी खर्च होत होती. नेतृत्वाचे गुण मोजताना ते कशासाठी वापरले, हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

मला वाटतं, साहेबांचं सैन्यावर खरंखुरं प्रेम होतं, आणि तिथंच सगळं अडलं. काही घरांत पाहुण्यांसाठी घेतलेला काचेचा डिनर सेट असतो. तो दर दिवाळीला उतरवून पुसतात आणि पुन्हा कपाटात लावतात. पाहुणे आले की स्टीलची ताटं निघतात, कारण एखादी बशी फुटली तर सेट मोडेल. पोटोमॅकची सेना हा साहेबांचा डिनर सेट होता.

सप्टेंबरात नशिबानं त्यांच्यासमोर जे ताट वाढलं ते पाहून कुठल्याही सेनापतीला हेवा वाटावा. ली मेरीलँडमध्ये घुसला होता. १३ सप्टेंबरला फ्रेडरिकजवळच्या शेतात उत्तरेच्या एका शिपायाला कागदात गुंडाळलेल्या तीन सिगार सापडल्या. सिगारपेक्षा कागद किमती निघाला. तो लीचा गुप्त हुकूम होता: कुठली तुकडी कुठं जाणार, कधी जाणार, सगळं तपशीलवार. लीनं आपली फौज चार-पाच ठिकाणी विखुरली होती. साहेब हर्षभरित झाले. या कागदाच्या जोरावर लीला चोपला नाही तर घरी जाईन म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. नंतर अँटिटमच्या ओढ्याकाठी पोचल्यावर १६ तारखेचा अख्खा दिवस पाहणीत घालवला. तेवढ्यात लीचे बरेच विखुरलेले लोक येऊन मिळाले. १७ तारखेला लढाई झाली. एका दिवसात दोन्हीकडची मिळून सुमारे २३ हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्ताळलेला दिवस दुसरा नाही. लीकडं चाळीस हजारांच्या आतबाहेर माणसं होती. साहेबांच्या अहवालात ती ९७,४४५ आहेत. शेवटचे पंचेचाळीस वाचताना मला नेहमी कौतुक वाटतं. ते एकेक मोजलेले असावेत.

कोणी वार करू नये म्हणून राखीव ठेवलेली हजारो ताजी माणसं दिवसभर नुसती बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी ली तिथंच, मोडकळलेल्या फौजेनिशी, ठाण मांडून बसला; जणू विचारत होता, येताय का? कोणी आलं नाही. रात्री तो नदी उतरून गेला. लिंकननं ही अर्धीमुर्धी का होईना, जीत पदरात पाडून घेतली आणि पाच दिवसांत गुलाममुक्तीची घोषणा केली. ऑक्टोबरात तो छावणी बघायला आला आणि पसरलेले तंबू दाखवून सोबतच्या मित्राला म्हणाला, लोक याला पोटोमॅकची सेना समजतात. ही मॅक्लेलनची अंगरक्षक तुकडी आहे. पुढं साहेबांची तार आली, घोडे थकलेत. लिंकननं विचारलं, माफ करा, पण अँटिटमनंतर तुमच्या घोड्यांनी असं काय केलंय की ते थकावेत?

७ नोव्हेंबरला, बर्फ पडत असताना, रात्री तंबूत बडतर्फीचा हुकूम पोचला. घेऊन येणाऱ्यांत त्यांच्या जागी नेमलेला बर्नसाइडही होता. तो बिचारा आपण या कामाला लायक नाही असं आधी दोनदा प्रामाणिकपणे सांगून बसला होता, आणि पुढच्याच महिन्यात फ्रेडरिक्सबर्गला बारा हजारांवर माणसं गमावून त्यानं ते सिद्धही केलं. साहेब शांतपणे, हसत निरोप घेऊन गेले. शिपाई रडले. पलीकडं लीलाही वाईट वाटलं. आम्ही एकमेकांना फार छान ओळखायचो, असं तो लाँगस्ट्रीटला म्हणाला. हे लोक असेच बदल करत राहिले तर एक दिवस मला न कळणारा कोणीतरी नेमतील.

तो न कळणारा माणूस युद्धाच्या सुरुवातीला सिनसिनाटीत मॅक्लेलनच्या कचेरीबाहेर नोकरीसाठी लागोपाठ दोन दिवस येऊन बसला होता. साहेबांची भेट झाली नाही. युलिसिस ग्रँट. वेस्ट पॉइंटला ३९ जणांत एकविसावा. दारूपायी नोकरी गेल्याचा बोलवा, शेती बुडालेली, बापाच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी. १८६१ मध्ये मिसुरीत तो पहिल्यांदा शत्रूच्या तळावर चालून गेला तेव्हा टेकडी चढताना त्याचं काळीज गळ्याशी आलं होतं. मागं फिरायचं धैर्य नव्हतं म्हणून तो पुढं गेला, असं त्यानंच लिहिलंय. वर पोचून पाहतो तर तळ रिकामा, शत्रू आधीच पसार. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की मी याला जितका भितो तितकाच हा मला भीत होता. दोघांच्या नेतृत्वातला सगळा फरक मला या एका टेकडीवर दिसतो. भीती दोघांनाही होती. ग्रँटनं ती दोन्ही बाजूंत वाटून टाकली. मॅक्लेलननं सगळी एकट्यानं घेतली आणि वर तिला पिंकर्टनकडून प्रमाणपत्र आणलं.

१८६४ मध्ये ग्रँट त्याच पोटोमॅकच्या सेनेबरोबर लीवर चालून गेला. वाइल्डरनेसच्या रानात अधिकारी घाबरून सांगू लागले, ली आता असं करील, ली तसं करील. ग्रँट वैतागला. लीला काय करायचंय याचा घोर पुरे. आपण काय करणार त्याचा विचार करा. मार खाऊनही तो मागं फिरला नाही, दक्षिणेलाच वळला, आणि रात्रीच्या अंधारात शिपायांना ते कळलं तेव्हा त्यांनी जयघोष केला. त्याची किंमतही भयानक होती. सहा-सात आठवड्यांत पन्नास हजारांवर माणसं पडली, वर्तमानपत्रं त्याला कसाई म्हणाली, आणि कोल्ड हार्बरच्या हल्ल्याची खंत त्यानं शेवटपर्यंत बोलून दाखवली. मॅक्लेलनच्या हाताखाली शिपाई जगायचे आणि युद्धही जगायचं, हे साहेबांच्या चाहत्यांनी विसरू नये.

त्याच वर्षी साहेब लिंकनविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. निर्वाचक मंडळाची २१ मतं मिळाली, लिंकनला २१२. ज्या शिपायांनी त्यांच्यासाठी टोप्या उडवल्या होत्या, त्यांतल्या बहुतेकांनी मत लिंकनला दिलं. जनरलसाहेबांनी राजीनामा दिला, बाडबिस्तरा बांधला आणि बायकोला घेऊन परदेशी गेले. ९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्सला, साहेबांनी एकेक बटण लावून सजवलेल्या त्या सैन्यापुढं लीनं शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा साहेब युरोपात होते.